एक घर, एक गोवरी

धारूरच्या बाजारात सीताफळं विकणारा एक बागवान होता. माझी नोकरी आणि माझी लाज, दोन्ही त्याच्यामुळे राहिली. हे आधी लिहून ठेवतो, कारण सांगण्याच्या ओघात उपकार मागे पडतात. त्याचं नाव मात्र लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. बाकी आयुष्यात पुष्कळ चोऱ्या-खून पाहिले, पण ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

मी किनवटकडचा. मराठी तिसरीतून शाळा सुटली ती सुटलीच. पोलिसात जवान म्हणून लागलो, चढत चढत जमादार झालो आणि धारूरला बदली झाली. घर बैलगाडीनं कितीतरी मुक्कामांवर. ओळखीचं कुणी नाही. निजामाच्या राज्यात सरकारी कागद सगळे उर्दूत, आणि मला उर्दूत सही तेवढी यायची. रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, ठाण्याचे कारकून मुन्शीजी लिहायचे, मी खाली सही करायचो. आपण कशाखाली सही करतोय ही धास्ती दर वेळी असायची. त्यात गाठीचा रोग, प्लेग, आला. ठाण्याचे मुख्य अमीनसाहेब तहसीलदारांबरोबर खेड्यांत फिरतीवर गेले आणि ठाणं माझ्या अंगावर पडलं.

निम्मं गाव रानात झोपड्या घालून राहत होतं. अशा वेळी बाजारातल्या लोकांनी एक सेवामंडळी काढली होती. पुढारी एक कापडदुकानदार शेठजी. ज्याला कुणी नाही अशा मयताला खांदा द्यायचा, ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे शेवट करायचा, हे मंडळीचं काम. कापड शेठजी द्यायचे. सरणासाठी मंडळीतला एक शिंपी बैलगाडी घेऊन झोपड्या-झोपड्यांतून फिरायचा आणि हाक द्यायचा, "एक घर, एक गोवरी!" बाया गोवरी दाराबाहेर ठेवायच्या. त्यात जात-पैसा काही आड येत नसे. शेठजी अभिमानानं म्हणायचे, "जमादार, रोग लई वाईट हाय, पण आपल्या गावात मढं घटकाभर बी पडून ऱ्हात न्हाई."

गावात नवा अंमलदार आला की मंडळी त्याला आधी दुकानात नेऊन पान द्यायची. मलाही दिलं. राहायला खोली दिली, शेठजींच्या घरून दोन वेळचं ताट यायचं. परमुलखात असं कोण करतं? मी त्या माणसाला मनातून हात जोडायचो.

एके दिवशी दिवस कलायच्या सुमाराला तो शिंपी ठाण्यात वर्दी द्यायला आला. किल्ल्याखालच्या झोपडीत कापूस वेचणारी एक बाई होती, तेलगावकडची. अंगात गाठ दिसली तशी तिच्याबरोबरची माणसं तिला टाकून पळाली होती. ती सकाळी मेली, मंडळीनं दहन केलं, एवढी वर्दी. मुन्शीजींनी लिहून घेतलं. शिंपी गेला. मी टाक हातात घेतला, तेवढ्यात पायरीवर टोपली ठेवून बागवान आत आला.

"जमादारसाब, ती बाई सकाळी मेली असं लिवलं का?"

"हो. तुला काय त्याचं?"

"रागवू नका साब. दुपारी ती जिती होती. मी डोंगरातून सीताफळं घिऊन येत होतो. दारात पडून तिनं मला पाणी मागितलं."

"मग दिलंस का?"

तो खाली बघायला लागला. "माझ्यापाशी पाणी न्हवतं. जवळ जायाची हिम्मत बी न्हाई झाली. दोन फळं लोटून दिली अन् निघालो. म्हणलं, गावातून कुणाला तरी धाडू. बाजारात येतो तर लोक म्हणत्यात, तिच्या गोवऱ्या सकाळीच जमल्या. मेल्याआदी गोवऱ्या कशा जमल्या, साब?"

मी टाक खाली ठेवला. खोट्या वर्दीखाली सही गेली असती, तर उद्या नोकरीही गेली असती. जिवंत बाई सरणावर गेली की काय? शेठजींच्या घरचं अन्न पोटात होतं. तसं असेल तर तो शिंपी आणि त्याचे सोबती फासावर जातील. आणि नसेल, तर मी उपकारकर्त्यांवर आळ घेतलेला हलका माणूस ठरेन.

मुन्शीजींना घेऊन मी जागेवर गेलो. सरण जळून खाली बसलं होतं, त्यातून काही कळणार नव्हतं. झोपडीच्या दारात दोन सीताफळं होती. एकावर बोटांचे ठसे होते, पण ते फोडलेलं नव्हतं. फोडण्याइतकीही ताकद नसावी. मग मी भोवती फिरलो. बांधापलीकडे बोरीखाली ताजं शेण पडलं होतं, ठिकठिकाणी, आणि कडब्याचे चघळलेले तुकडे. बागवान ज्या पायवाटेनं आला, तिथून ही जागा दिसत नाही.

शेजारच्या झोपडीत एक कुणब्याची बाई होती. आजारणीच्या दारापासून चार हातांवर रोज पाण्याची घागर तीच ठेवायची. बायकांना 'किती वाजता' विचारू नये, 'काय करत होतीस' विचारावं, हे मी नोकरीत शिकलो होतो.

"हाक आली तेव्हा काय करत होतीस, मावशी?"

"न्याहरीच्या भाकरी थापीत होते. इच्यारलं, कोण गेलं? म्हणले, ती कापसाची बाई. घागर भरूनच ठिवली होती. म्हणलं, मेलेल्याला पाणी कशाला, अन् ऱ्हाऊ दिली. तशीच रानात गेले." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "कावून इच्यारता? जिती होती व्हय ती?"

मी मुन्शीजींना तिचे शब्द लिहून घ्यायला सांगितले.

शिंप्याला ठाण्यात आणलं. मारणं-धमकावणं काही केलं नाही. एकच विचारलं, "बैल का सोडले होते रे बोरीखाली? मढं न्यायला आलेला माणूस बैलांना कडबा घालून बसतो काय?"

तो म्हणाला, "साब, आदल्या दिवशी तिची दशा बघितली होती. रात निघत न्हाई असं वाटलं. म्हणून सकाळीच हाक दिली. गाडी भरून गेलो, तर तिनं डोळे उघडले."

"मग?"

"भरल्या गाडीनं माघारी कसं जावं? लोकं हसली असती. बसलो बोरीखाली."

"किती वेळ?"

"सावली हिकडून तिकडं गेली."

"तिनं गाडी पाहिली?"

"बघितली."

"पाणी मागितलं?"

तो रडायलाच लागला. "मागितलं, साब. आमी चौघं होतो. एक बी उठला न्हाई. भ्यालो. अन् आमचं काम मेल्यावरचं, साब."

"सरणावर ठेवली तेव्हा मेली होती का? खरं सांग."

"आईची आण. नाकाशी कापूस धरला, दोनदा. हालला न्हाई."

बाकीच्या तिघांना वेगवेगळं बसवून जबान्या घेतल्या. कापसाची गोष्ट तिघांनीही, न विचारता, तशीच सांगितली. खून झाला नव्हता. पण त्यानं मला हलकं वाटलं असं म्हणवत नाही.

शेठजी आले. आवाज चढवला नाही. "जमादार, हे कागदावर नको. उद्या मंडळीला कुणी गोवरी देणार न्हाई, मढी कुजतील. इच्यार करा." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी खरं तेच लिहायला सांगितलं.

आणि तिथे मी चुकलो. सही करण्याआधी कागद कळावा म्हणून मी मुन्शीजींना तो ओसरीवर मोठ्यानं वाचायला लावला. मला उर्दू कुठे वाचता येत होतं? अंगणात मंडळीची माणसं उभी होती. खबर देणाऱ्याचं नाव आलं तिथे मुन्शीजी थांबले, माझ्याकडे पाहिलं. मला इशारा कळला नाही. म्हटलं, "वाचा." त्यांनी बापाच्या नावासकट वाचलं.

बीडहून जिल्हा पोलिसांच्या मोहतमीमसाहेबांचा हुकूम आला: मृत्यू रोगानं, गुन्हा नाही, कागद दप्तरी दाखल करून प्रकरण मिटवावं. मंडळी चालू राहिली. पुढे त्या गाडीला पाण्याची घागर बांधलेली दिसायची. ती कुणी बांधली, मी विचारलं नाही. बागवानाच्या टोपलीपुढे मात्र गिऱ्हाईक थांबेना. फळं पिकली, फुटली, माशा बसल्या. थोड्याच दिवसांत तो बायको-लेकरं घेऊन मोमिनाबादेला निघाला. मी वाटेत गाठून म्हणालो, "हे माझ्यामुळं झालं."

तो म्हणाला, "मनाला लावून घिऊ नका, साब. तुमाला वाचता येत न्हाई, मला पाणी देता आलं न्हाई. दोघं बी सारखेच."

मी शेठजींची खोली सोडली. मुन्शीजींच्या हातापाया पडून उर्दू शिकलो. पुढे अमीन होऊन निवृत्त होईपर्यंत खबऱ्याचं नाव कधी मोठ्यानं वाचू दिलं नाही. आणि कुठल्याही मयताच्या चौकशीत पहिला प्रश्न एकच विचारला: शेवटचं पाणी कुणी दिलं? चांगली माणसं एकत्र येऊन चांगलं काम करतात, तेव्हा ज्याच्यासाठी करायचं तो त्यांना दिसेनासा होऊ शकतो. तीही चांगलीच माणसं होती, त्यांचं ताट मी जेवलो आहे.

मोमिनाबादेला मी दोनदा जाऊन आलो, पत्ता लागला नाही. पुन्हा जाईन. तो सापडला आणि त्याची तयारी असली, तर त्याला धारूरच्या बाजारात त्याच्या जुन्या जागेवर बसवीन आणि टोपलीतलं पहिलं फळ चारचौघांदेखत मी घेईन. एवढं फेडल्याशिवाय मरणार नाही.