ब्रेक बंद

सीमेवरच्या त्या डोंगरावर आमची रिले पोस्ट होती. मी पुढच्या चौकीवर हवालदार होतो. चौकी आणि मुख्यालय यांच्यामध्ये डोंगर असल्याने दोन्हींचे रेडिओ एकमेकांना ऐकू येत नसत. माथ्यावर लान्स नाईक सॅम्युअल साळवे एकटा बसे. तो एकीकडचे ऐकून घेई आणि दुसरीकडे सांगे. त्याच्या सेटवर स्विच दाबला की बोलता येई, सोडला की ऐकता येई. दोन्ही एका वेळी होत नसे. त्यामुळे प्रत्येक निरोपाला दुप्पट वेळ लागे.

सॅम्युअल कोल्हारचा. रेडिओवर एकदा म्हणाला होता, "उस्ताद, बोलतो तवा मी बहिरा. लगीन झाल्यावर लई उपयोगी पडंल."

यासाठीच नियम होता. प्रत्येक वाक्यानंतर 'ब्रेक' म्हणायचे, स्विच सोडायचा आणि क्षणभर ऐकायचे. बोलणे संपले की 'ओव्हर', म्हणजे आता तुम्ही बोला. मुख्यालयातल्या मेजरसाहेबांना तो वेळेचा अपव्यय वाटे. त्या सकाळी सॅम्युअलने मला कळवले, "मेजरसायबांचा हुकूम हाय. ब्रेक बंद. आता सलग घ्या. ओव्हर."

त्याने निरोप सुरू केला. तपासणीसाठी सामान मागवले होते: ब्लँकेटे, जेरीकॅन, तंबूच्या खुंट्या, स्टोव्ह. मी लिहून घेत होतो. मान वर केली तेव्हा त्याच्या पाठीमागच्या उतारावर तीन माणसे चढताना दिसली. आपली नव्हती.

मी स्विच दाबला. "रिले, पाठीमागे शत्रू. रिले, पाठीमागे शत्रू." स्विच सोडला. कानात सॅम्युअलचाच आवाज होता. तो खुंट्यांचे माप सांगत होता. मी पुन्हा बोललो. गोळी तिथवर पोचणारी नव्हती, तरी हवेत झाडली. त्याच्या कानांवर हेडफोन होते. स्टोव्हच्या पिनांपर्यंत तो आला आणि आवाज थांबला.

ते तिघे परत गेले नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी आम्ही त्यांना गाठले. दुसरा हिशेब राहिला.

चौकशीत मी ब्रेकच्या हुकमाविषयी सांगितले. अहवालात 'सेटची मर्यादा' एवढेच आले. मर्यादा होती, हे खरे. ती शिपायापासून सर्वांना ठाऊक होती.

यंदा भिंगारला माजी सैनिकांचा मेळावा झाला. मेजरसाहेब प्रमुख पाहुणे होते. सॅम्युअल तांत्रिक मर्यादेचा बळी ठरला, असे ते म्हणाले. मी व्यासपीठावर गेलो आणि माईक मागून घेतला. सभागृहात माईक एकच होता.

मी तो निरोप म्हणून दाखवला. ब्लँकेटांपासून स्टोव्हच्या पिनांपर्यंत, सलग. मेजरसाहेबांनी दोनदा हात वर केला. आयोजक म्हणाले, "काका, जरा थांबा." मी थांबलो नाही. ज्या शब्दाला सॅम्युअलचा आवाज तुटला होता, त्याच शब्दाला मी थांबलो.

मग त्याचे नाव घेतले. लान्स नाईक सॅम्युअल साळवे, कोल्हार. ओव्हर.

माईक मेजरसाहेबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.