रांजणात कोण उतरणार?

माझा नवरा जुंबेर तिबिलिसीत मेट्रो चालवायचा. उभा जन्म जमिनीखाली गेला. निवृत्ती जवळ आली तसे त्याच्याबरोबरचे लोक मासे पकडायचे गळ घ्यायला लागले, आणि हा बाबा जेवताना वाईनचं पुराण लावायचा. काखेती प्रांतातल्या गावची आजोबांची द्राक्षबाग, अंगणात गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा रांजण, आणि त्यात स्वतःच्या हातची वाईन! मी म्हटलं, "अरे, आयुष्यभर जमिनीखाली काढलंस, आता म्हातारपणीही जमिनीखालचंच वेड?" तो नुसता हसला. या माणसाला राग येत नाही, हीच तर माझी पंचाईत आहे.

शेवटी तो निवृत्त झाल्यावर आम्ही त्या गावी आलो, पण मी अट घातली. एक सुगी तुझी. ईस्टरला रांजण उघडायचा. वाईन चांगली निघाली तर गावात राहू. व्हिनेगर झालं तर मुकाट्याने शहरातल्या घरी. तिथे माझी लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे, मैत्रिणी आहेत. इथे काय? कोंबड्या आणि चिखल.

आणि शेजारी शालिकोकाका. जन्मभर वाईन केलेला माणूस, अंगाने काडी आणि जिभेने तिखट. सुगीच्या आधी रांजण आतून घासायचा असतो, आणि जुंबेरचं पोट काही रांजणाच्या तोंडातून आत जाईना. अर्धा आत, अर्धा बाहेर, असा अडकला मेला! तेव्हा काकाच चेरीच्या सालीचा कुंचा घेऊन शिडीवरून आत उतरले. खालून आवाज घुमला, "ए मेट्रोवाल्या, पाणी सोड! पुढच्या स्टेशनाची वाट बघतोयस का?"

सगळं धुऊन झाल्यावर शेवटच्या पाण्याचा पेला वर आला. "पी. तुला पिववलं तर रांजण धुतला गेला. नाही तर परत घासतो."

जुंबेर गटागटा प्यायला.

त्या साली गारांनी काकांची बाग पार झोडपली. आमची टेकडीच्या आडोशाने वाचली. द्राक्षं तुडवली, रस सालीबियांसकट रांजणात गेला. रस आंबताना येणाऱ्या उकळ्या निवल्यावर रांजण काठोकाठ भरला, दगडी झाकण ठेवलं आणि काकांनी स्वतः ओल्या मातीने तोंड लिंपलं. "आता ईस्टरपर्यंत हात लावलास तर बोटं मोडीन," ते जुंबेरला म्हणाले. एकदा उघडला की आत वारा शिरतो, मग सगळी वाईन काढूनच घ्यावी लागते.

मी हळूच विचारलं, "काका, खरं सांगा, कशी होईल?"

"मेट्रोवाल्याची वाईन? माझ्या मयताला चालेल. तेव्हा प्यायला मी नसेन, तेवढंच सुख!"

हिवाळाभर जुंबेर सकाळी उठला की आधी रांजणावरचं बर्फ झाडायचा, मग तोंड धुवायचा. मी मात्र मनातल्या मनात शहरातल्या घराचे पडदे धुऊन टांगलेसुद्धा होते.

बर्फ वितळायच्या आतच काका गेले. झोपेतच गेले. मयताच्या जेवणाला सगळं गाव येणार, आणि त्यांच्या घरात वाईनचा थेंब नाही. कुणी म्हणालं, बाजारातून आणू. काकांची बायको त्सिआलाकाकू खाली मान घालून बसली होती. जुंबेर उठला, घरी आला आणि त्याने फावडं उचललं.

मी आडवी गेले. "अरे, ईस्टर लांब आहे! कच्ची असेल ती. आणि सगळी संपली तर तुझं काय राहिलं?"

"ज्यांनी रांजण घासला त्यांच्या मयताला बाजारची वाईन आणू?"

मी बाजूला झाले आणि घागरी शोधायला लागले.

माती फोडली, झाकण सरकवलं. व्हिनेगरचा वास नव्हता, एवढं मलाही कळलं. जेवणाला बसल्यावर माणसांनी रोटीच्या तुकड्यावर वाईनचे थेंब सोडले, काकांचं नाव घेतलं आणि पेले रिकामे केले. त्सिआलाकाकूने एक घोट घेतला.

"कोवळी आहे," ती म्हणाली. "ते असते तर शिव्या घातल्या असत्या." मग म्हणाली, "आणि दुसरा पेला मागितला असता." एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. मलाही.

दुसऱ्या दिवशी जुंबेरने उरलेला चोथा उपसला आणि रिकाम्या रांजणापाशी बसून राहिला. "ईस्टरला उघडायला काही राहिलं नाही, लमारा. तू जिंकलीस. चल शहरात."

"आणि हा?"

"न धुता ठेवला तर कायमचा बाद होईल. पण आता आत उतरणार कोण?"

मला असा संताप आला! त्याचा, काकांचा, त्याच्या त्या पोटाचा. म्हटलं, "मेणबत्ती आण."

दोरीला बांधून पेटती मेणबत्ती आत सोडली. विझली नाही, म्हणजे आतली हवा ठीक होती. मी झगा खोचला, कुंचा घेतला आणि शिडीवरून खाली उतरले. आत गारठा आणि काळोख, वर तेवढं गोल आभाळ, आणि त्यात माझ्या नवऱ्याचं तोंड, आ वासलेलं.

"बघतोस काय? पाणी सोड! पुढच्या स्टेशनाची वाट बघतोयस का?"

घासून घासून खांदे भरून आले. शेवटच्या पाण्याचा पेला भरून मी वर धरला. "पी."

तो प्यायला. डोळे पुसले. म्हणाला, "जरासा वास येतोय अजून."

"मग सोड पाणी," मी म्हटलं, आणि परत घासायला घेतलं.