ट्रेमधले श्रोते

मोठे काका डोळे बनवायचे. अपघातात किंवा आजारात एक डोळा गेलेला माणूस आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायचा, आणि काका त्याच्या उरलेल्या डोळ्यात बघत बघत त्याला जोडीदार रंगवायचे. छोट्या चकतीवर रंगाचे थर, पांढऱ्यावर लाल रेशमाचे तंतू चिकटवून शिरा, वरून पारदर्शक थर, मग पॉलिश. फसलेला डोळा त्याच दिवशी हातोडीने फोडायचे. "फसलेलं ठेवायचं नाही," म्हणायचे. "बघत बसतं."

मग त्यांचा हात कापायला लागला. आधी थोडा, पुढे कप बशीत वाजेल इतका. एका बाईंसाठी रंगवलेल्या बुबुळाची तपकिरी कड हलली, तेव्हा काकांनी ब्रश धुतला आणि ताईच्या हातात दिला. ताई म्हणजे त्यांची मुलगी, हे काम त्यांच्याकडूनच शिकलेली. त्यानंतर काका भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. अर्धं ताट तसंच राहायचं.

"अहो, भिंतीवर काय लिहिलंय?" काकू विचारायच्या.

"काही नाही. म्हणून तर बघतोय."

डॉक्टर काकूंना बाजूला घेऊन म्हणाले, "हाताचं मी बघतो. पण माणसाला कशात तरी गुंतवा. नाहीतर हे असेच विझत जातील."

काकूंनी पत्ते आणले, ते तसेच पडून राहिले. ताई म्हणाली, "बाबा, गोष्ट लिहा. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलात."

"मला नाही लिहिता येत."

"मग वाईट लिहा. हातोडी मी लपवून ठेवते."

काकांनी लिहिलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यात हात कापरा, म्हणजे कोंबडीही घाबरलेली. वाचून दाखवताना प्रत्येक वाक्याला थांबायचे आणि कोणी बेशुद्ध पडलं का ते बघायचे.

"एक माणूस आला. तो भयानक होता. किती भयानक? फारच. इतका की मला सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही. त्याला डोळे नव्हते. तो म्हणाला, डोळे पाहिजेत. कारागीर म्हणाला, बसा."

"अहो, डोळे नव्हते तर दार कसं सापडलं त्याला?" काकू.

काका विचारात पडले. मग पेन्सिल उचलून लिहिलं, "दार कसं सापडलं हे त्यालाही माहीत नव्हतं," आणि असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "फसलं गं! साफ फसलं!" घरात नातू जन्मल्यासारखे ओरडत होते. त्या दिवशी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली.

रोज दुपारी ताई जेवायला उठली की काका तिच्या टेबलाशी बसून नवीन ओळी वाचायचे. टेबलावर ट्रेमध्ये पॉलिशसाठी ठेवलेले डोळे असतात. ताई ते कसेही टाकते, एखादा छताकडे, एखादा खिडकीकडे. एके दिवशी मी त्यांना जेवायला हाक मारायला गेले तर काका रंगात येऊन वाचत होते आणि ट्रेमधले सगळे डोळे, घारे, काळे, तपकिरी, त्यांच्याकडे बघत होते.

"काका, हे तुम्ही फिरवले?"

"मला वाटलं ताईने. बापाची करमणूक म्हणून."

"मी?" ताई तोंडात घास घेऊनच आली. "मला कामं नाहीत?"

"मी त्या ट्रेला हात लावत नाही," काकू आतून ओरडतच आल्या. "लग्नात सांगितलंय!"

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. शप्पथ, मी नव्हते.

ताईची झोप उडाली. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना असं झालं तर? तिला वाटलं, गोष्ट एकदाची नीट झाली की बाबांचं समाधान होईल आणि हे थांबेल. म्हणून तिने शेजारच्या निवृत्त मास्तरांना बोलावलं.

"असं बघा," मास्तर म्हणाले, "भय सुचवायचं असतं. असं बघा, 'भयानक' लिहून कोणी भीत नाही."

त्यांनी गोष्ट नेली आणि सुवाच्य अक्षरात परत आणली. खोटं कशाला बोलू, फार सुरेख झाली होती. "दारावर थाप पडली नाही. तरी कारागिराने दार उघडलं." माझ्या अंगावर काटा आला. काकूंनी भर दुपारी दिवा लावला.

काकांनी ती ट्रेसमोर बसून वाचली. आम्ही दारात उभे. ते कुठेही थांबले नाहीत, हसले नाहीत. वाचून झाल्यावर ताईने ट्रे पुढे ओढला. सगळे डोळे उपडे पडले होते. नुसत्या पोकळ पाठी वर.

"असं बघा..." मास्तर म्हणाले, आणि मागे सरकले. चपला उलटसुलट घालून गेले.

"मास्तरांची छान आहे," काका म्हणाले. "माझी काही गोष्ट नव्हतीच मग." त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. संध्याकाळी ताटाला हात लावला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

ताई एकदा ट्रेकडे बघे, एकदा बापाच्या पाठीकडे. तिला कशाची भीती जास्त वाटत होती ते तिच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी तिने मास्तरांचे कागद परत पाठवले आणि काकांचे कोंबडीवाले कागद त्यांच्या मांडीवर ठेवले.

"बाबा, त्या भयानक माणसाचं पुढे काय झालं?"

"जाऊ दे. वाईट आहे ते."

"वाईटच पाहिजे. मी इथे काम करत ऐकते. गिऱ्हाईक आलं तर तेही ऐकेल."

काकांनी कागद सरळ केले. मग खुर्ची किरकिरत टेबलाकडे वळली. लिहिता लिहिता ते मोठ्याने म्हणत होते, "कारागीर म्हणाला, डोळे तयार आहेत, पण ते तुमचे नाहीत. माणूस म्हणाला, चालेल. तो भयानक हसला. कारागीरही हसला. का हसला ते मला माहीत नाही."

आणि हळूच, चाचपडत, "फसलं."

ट्रेमध्ये गोट्या सरकाव्यात तसा आवाज झाला. आम्ही कोणी तिकडे बघितलं नाही.

"मग?" कोणीतरी विचारलं.

ताईच्या ओठांत रेशमाचा तंतू धरलेला होता. काकू मागे भांडी घासत होत्या. मी तर श्वासही घेत नव्हते. गल्लीतल्या कोणाचाही आवाज मी एकदा ऐकला की हुबेहूब काढून दाखवते. हा अजून माझ्या घशात बसत नाही.

काका दचकलेसुद्धा नाहीत. "दम धरा की," म्हणाले. "मला तरी कुठे माहितीये अजून?" आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावून त्यांनी पुढची ओळ सुरू केली.