बोल्ट मी विसरलो होतो

काकींचा फोन आला तेव्हा मी गोराईच्या फेरीबोटीत शेंगा खात बसलो होतो. सवयीनं बोललो, "काकी, आज काय, बोंबील की कोळंबी? मी भुकेला निघालोय."  काकी म्हणाल्या, "गणू, इनास गेला. सावकाश ये, धावत येऊ नको." नवरा त्यांचा गेला आणि काळजी माझी. बोट धक्क्याला लागली तेव्हा बघतो तर मुठीत शेंगांचा पार चुरा झालेला...

इनासकाका म्हणजे गोराईतले जीपचे मिस्त्री. शौकाच्या जीप नाहीत, कामाच्या. चारही चाकांनी ओढणाऱ्या, जुन्या, पत्रा सडलेल्या. कोळ्यांच्या होड्या पाण्यातून वर ओढायच्या, वाळूतून मासळी आणायची, चिखलात रुतलेला टेम्पो काढायचा. काकांच्या घरामागं पत्र्याची शेड होती, तिथं ह्या गाड्या यायच्या. आणि बारा वर्षांपूर्वी मी आलो.

शाळेनं मला चौथीत हात जोडले होते. जोगेश्वरीला रिक्षा चालवायचो, म्हणजे रिक्षा जिकडे नेईल तिकडे जायचो. तिसऱ्यांदा उभ्या भिंतीला धडकलो तेव्हा मालकानं किल्ली काढून घेतली. मेव्हण्यानं काकांकडे धाडलं. काका म्हणाले, "काय येतं?" म्हटलं, "काय नाय." ते म्हणाले, "बरं झालं. अर्धवट येणारे लई छळतात."

पहिल्याच दिवशी मी एका जीपचं बोनेट असं घासलं की त्यात बघून भांग पाडता येईल. काकांनी मला धरून गाडीखाली झोपवलं. "समुद्र वरून येतो काय रे? खालून धू. गोड्या पाण्यानं. खारं पाणी आधी चाटतं, मग खातं." मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोळा असतो, त्यातलं तेल ते दर खेपेनंतर बोटावर घेऊन बघायचे. दुधाळ दिसलं की आत पाणी शिरलं. मी ओरडायचो, "काका, चहा झाला." ते म्हणायचे, "पी मग."

हा गोळा धावून तापतो. तापलेला तसाच थंड पाण्यात गेला की आत पाणी ओढून घेतो. म्हणून काका गाडी वाळूवर थांबवायचे, गोळ्यावर तळवा ठेवायचे आणि 'आमच्या बापा' प्रार्थना म्हणायचे. पूर्ण होईस्तोवर हात टिकला तर गाडी पाण्यात. मला ती प्रार्थना कुठून येणार? म्हणाले, "तुला पाठ काय येतं?" म्हटलं, "सातचा पाढा, तोपण सात चोकपर्यंत." "मग गणपतीची आरती म्हण." "काका, आरती संपेस्तोवर ओहोटी लागेल." शेवटी त्यांनीच मला 'आमच्या बापा' शिकवलं. आज मला देवळातलं कमी आणि चर्चमधलं जास्त पाठ आहे.

आता त्या बोल्टाचं सांगतो. त्याच्यासाठीच हे सगळं चाललंय.

ह्या जीपच्या क्लचच्या डब्याला खालून एक भोक असतं. इंजिनातून झिरपलेलं तेल तिथून बाहेर पडतं. पाण्यात जाण्याआधी भोकात बोल्ट बसवायचा, नाहीतर पाणी आत. बाहेर आल्यावर बोल्ट काढायचा, नाहीतर तेल आत साठतं. एवढंच. बस्त्यावची जीप नाताळात पाण्यात जाऊन आली होती. बस्त्याव म्हणजे तिथला होडीवाला, काकांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बोल्ट काढायचं काम माझं. मी काकींचे नाताळचे गोड कुलकुल खात बसलो आणि विसरलो. एक दिवस नाही, पाच महिने.

मे महिन्यात पावसाळ्याआधी होडी वर घ्यायची होती. भरती चढत होती. दोर बांधला, गियर टाकला, इंजिन बोंबललं आणि चाकं जागची हलेनात. क्लच तेलानं भिजून सुटत होता. पाणी दारापर्यंत आलं. बस्त्यावनं दोर कापला, वीस माणसांनी हातानं होडी ओढली. जीप राहिली तिथंच. समुद्र सीटवर बसला आणि ओहोटीपर्यंत उठला नाही.

पाणी उतरल्यावर काका तिच्याखाली सरपटले. बोल्ट फिरवला तसं काळं तेल धो धो त्यांच्या छातीवर आलं. बस्त्याव म्हणाला, "बोल्ट कोण विसरला?"

काकांनी खालूनच माझ्याकडे बघितलं. मी एका खेकड्याकडे बघत होतो. काका म्हणाले, "मी विसरलो."

सगळे गप्प. आणि मला गप्प सहन होत नाही यार. मी बोललो, "आता काकांच्याच डोक्याला बोल्ट मारा, गळायला लागलंय." अख्खा किनारा हसला. काकापण हसले.

आयुष्यभर मी स्वतःवर हसवलं. एकदाच दुसऱ्यावर... आणि तोच विनोद चिकटला. काकांचं नाव पडलं 'गळका मिस्त्री'. बस्त्यावची जीप दुरुस्तीला बोरिवलीला जायला लागली, तिच्यामागून बाकीच्या. अकरा गाड्यांच्या तीन राहिल्या. दुपारी काका रिकाम्या शेडमध्ये धुतलेले पाने परत धुवायचे.

दोन वर्षं मी खरं सांगायला जायचो आणि तोंडातून काहीतरी गंमत निघायची. शेवटी काका हॉस्पिटलात पडले तेव्हा म्हटलं, "काका, एक सांगायचंय." ते म्हणाले, "सांग." मी सांगितलं, बोटीत चढताना जेवणाच्या डब्यासकट कसा आपटलो ते. ते हसले, मग खोकले. "हे सांगायला आलास?"

"हो."

"बरं," म्हणाले.

त्यानंतर आमची भेट नाही.

काका गेल्याला महिना झाला, त्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, दारातच मी बस्त्यावला गाठलं. चारचौघांत बोललो, "बोल्ट काका नाय विसरले. मी विसरलो." आधी दोघे-तिघे हसले, गण्या सुरू झाला म्हणून. मग बस्त्यावनं खांद्यावर हात ठेवला. "मेलेल्याची चूक अंगावर घेतोस. मन मोठंय तुझं." मी शपथा घेतल्या, तर त्याचे डोळे भरले.

काकींनी ऐकलं होतं. त्यांनी मला शेडमध्ये नेलं. खिळ्यांवर तीन गाड्यांच्या किल्ल्या लटकत होत्या, प्रत्येकीला दोरा, दोऱ्याला त्या गाडीचा बोल्ट. किल्लीला बोल्ट नसला म्हणजे तो गाडीत आहे, काढायचा राहिलाय. मला वाटायचं, त्या मे महिन्यापासून म्हातारा स्वतःच्याच विसरण्याला घाबरायला लागला, म्हणून हे दोरे.

काकी म्हणाल्या, "मी विचारलं त्याला, तू कधीपासून विसरायला लागलास? म्हणाला, मी नाही, गण्या. त्याला बोलू नको. त्याचं हसणं बंद होईल."

तोंडानं सांगून कोणी मानत नाही, म्हणून हे पोरीकडून लिहून घेतोय. ती विचारते, "बाबा, ह्यातलं खरं किती?" सगळं खरं गं.

त्या तीन गाड्या आता मी बघतो. पाण्यातून गाडी आली की आधी किल्ली हातात घेतो. नुसता दोरा असला की आडवा होऊन खाली शिरतो, बोल्ट काढतो. भोकातून दोन-चार थेंब कपाळावर पडतात. बाहेर कोणीतरी विचारतं, "काय रे गण्या, झोपलास काय?" पूर्वी ह्यावर मी काहीतरी बोललो असतो.