समाजमंदिरातला एक फोन

मुलचेऱ्याजवळच्या एका पाड्यात बायांना कोंबडीपालनाचा ऑनलाइन वर्ग लावून द्यायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे ॲप उतरवून द्यायचं आणि कोण किती शिकलं ते बघायचं. चालू फोन एकच, बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा. दुपारी धान वाळत घालून झालं की बाया समाजमंदिरात जमत. फोन तांब्याला टेकवायचा आणि व्हिडिओ सुरू.

सुरू कसला, दर दोन वाक्यांनी बंद. पाड्यातल्या एका म्हाताऱ्या आजीला वाचता येत नव्हतं. ती व्हिडिओतल्या बाईलाच थांब म्हणायची, मग अध्यक्षबाई तो थांबवायच्या आणि गोंडीत चर्चा रंगायची. आजारी कोंबडी आधी वेगळी ठेवायची की आधी खुराडं धुवायचं, यावर एकदा तासभर गेला. प्रत्येकीचा मान राखायचा म्हणून ॲपनं दिलेली चारही उत्तरं दाबून पाहिली.

माझ्या लॅपटॉपवर मात्र एकच विद्यार्थिनी दिसायची. प्रगती कमकुवत.

मी ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढले. परीक्षा आली की आई खोलीचं दार लोटून घ्यायची. अभ्यास एकटीनंच करायचा असतो, यात मला कधी शंका आली नव्हती. मी चंद्रपूरच्या ऑफिसातून वापरलेले फोन मिळवले आणि प्रत्येकीचं वेगळं खातं काढून दिलं. आजीनं फोन घेतला नाही.

महिन्याभरात सगळ्या पास. ऑफिसात माझं कौतुक झालं. पाड्यात गेले तर समाजमंदिराला कडी. अध्यक्षबाईंनी काही लपवलं नाही. एकटीनं बघायला बायांना करमत नाही, म्हणून त्याच सगळ्यांना उत्तरं पाठवत होत्या. मला राग यायला हवा होता. कोणाचा, ते कळेना.

आजी अंगणात झाडणी बांधत बसली होती. वर्ग का सोडला, असं मी तिला विचारलं.

"मी कुठी सोडला? जमायचंच तुमी बंद केलं, बाई."

तुम्हीही फोन घ्यायचा होता, मी म्हणाले. तिनं हातातलं गवत खाली ठेवलं.

"फोन सांगते. आयकून घेत नाई."



पुढच्या आठवड्यात आम्ही सगळ्यांचं मिळून एकच खातं काढायला बसलो. नावाच्या जागी पाड्याचं नाव टाकलं. जन्मतारीख भरल्याशिवाय ॲप पुढे सरकेना. शेवटी एकीनं भिंतीवरच्या दगडावर कोरलेली समाजमंदिराच्या उद्घाटनाची तारीख वाचून दाखवली, मी ती भरली. ॲप म्हणालं, विद्यार्थी अठरा वर्षांखालचा आहे, पालकाची संमती हवी. मी हे वाचून दाखवलं तशा सगळ्या आजीकडे बघायला लागल्या. तिला काय चाललंय ते समजलं नाही, पण तिनं होकार दिला.

वर्ग पुन्हा भरू लागला. भांडणंही. ऑफिसातून विचारणा आली, फोन दिले असताना एकच खातं का? मी उत्तर दोनदा लिहायला घेतलं. बाया जमल्यामुळे शिकतात, की शिकायचं निमित्त करून जमतात, हे मला ठरवता येईना. दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडलं.