माझ्या साईटवर रोज येणारं एकच गिऱ्हाईक

मंडळी, ऑनलाईन दुकान कशाचं टाकावं, लोक गुगलवर शोधतात ते शब्द, म्हंजी कीवर्ड, कोणते धरावेत, असं मला विचारून राह्यलात. आजचं ऐका, मंग विचारा.

माझ्या साईटवर दुसऱ्यांच्या वस्तू असतात. कुणी तिथून घेतली तर मला कमिशन. ह्याच भरवशावर जालन्याची नोकरी सोडून राजूरला आल्तो. आधी घड्याळं, बूट, पंखे, सगळंच ठेवलं. पण रोज दुपारी कुणीतरी येऊन फक्त छोट्या कुकरचं पान बघायचं. मला वाटलं, मागणी ह्याचीच. बाकी सगळं काढून टाकलं आणि 'छोटा कुकर', 'दोघांसाठी कुकर' हेच कीवर्ड धरून महिनाभर साईटवर लेख लिहीत बसलो. विक्री एकबी न्हाई.

आज चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला माझी ताई आल्ती. चहा घेताना सहज म्हणाली, "ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी रोज तुझी साईट उघडते. कुणीच न्हाई आलं तर तुला वाईट वाटंल म्हणून. मला कुकरचं तेवढं कळतं."



निघताना तिनं विचारलं, "आता तर सगळे कुकरच दिसून राह्यलेत. उद्या कोणता उघडू?"

काय सांगू तिला?