फुटलेला बांध आणि माझा राक्षस

नव्वदच्या दशकात पेणला आम्ही तिघे मित्र दर रविवारी गोष्टीचा खेळ खेळायचो. गोष्ट मी सांगायची, बाकीचे दोघे त्यातले वीर, आणि वार लागला की नाही ते फासे ठरवणार. दोन वर्षं मी घसा कोरडा करत होतो. रोह्याच्या कंपनीतला शिफ्टचं कारण सांगून बुडवायचा, मिठागरावरचा समोर बसून जांभया द्यायचा.

वैतागून एकदा मी राक्षसाच्या गुहेच्या वाटेवर खाडीचा फुटलेला बांध घातला. जांभईवाला ताडकन उठला. "राक्षस बसू दे तिथंच! भरती यायची हाय, आधी बांधाची खांड बुजवू!"

चार रविवार दोघे गोष्टीतला चिखलच ओढत होते. शिफ्टवाला तर चक्क रजा टाकून यायला लागला. पाचव्या रविवारी चिडून मी राक्षसालाच गुहेबाहेर काढलं.

त्यांनी त्याच्या हातात घमेलं दिलं.